सोडून दिलेला मासा

"हलक्या हातानं," हे आमच्या साहेबांचं पालुपद होतं. चहा गाळणाऱ्याला हलक्या हातानं, नकाशा उलगडणाऱ्याला हलक्या हातानं, आणि हजेरीपटावरचं एखादं नाव मी कापायला घेतलं की मलाही तेच. "पट्टी लाव. रेघ हलक्या हातानं ओढ. कागद खरवडता कामा नये." ज्याचं नाव कापलं जाई त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटणार का, ही चौकशी त्यांनी कधी केली नाही. त्यांची काळजी कागदापुरती होती.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आवाज कधी चढत नाही, तोंडात शिवी नाही, कपड्यांची इस्त्री मोडत नाही, आणि समोरचा मात्र दोन पावलं मागं सरतो.

साठच्या दशकाची मधली वर्षं होती. बोईसरच्या पश्चिमेला वीजकेंद्राचं मोठं काम निघालं होतं. मी सफाळ्याचा. घरच्या भातशेतीतून अंग काढून एका ठेकेदाराकडे हजेरी कारकून म्हणून लागलो होतो. वसाहतीचे रस्ते करणं हे आमच्या ठेकेदाराचं काम आणि साहेब त्या कामावरचे मुख्य. त्यांच्या टोपीत पिसांच्या पाच-सहा माश्या टोचलेल्या असत. साहेबांच्या डोक्यावर माश्या बसतात आणि त्यांना पत्ता नसतो, असं मजूर आपसांत म्हणत.

आमच्याकडे येण्याआधी साहेब नीलगिरीत एका धरणाच्या कामावर होते. तिथं एका म्हाताऱ्या इंग्रजानं त्यांना गळाचा नाद लावला. गांडूळ लावून काठावर पेंगत बसायचा आपला गळ नव्हे. पिसांची खोटी माशी करायची, ती वाहत्या पाण्यावर अलगद टेकवायची आणि माशाला फसवायचं. तिथल्या थंड ओढ्यांत रेनबो ट्राउट नावाचा मासा असे. त्याच्या अंगावर गालापासून शेपटीपर्यंत गुलाबी पट्टा असतो, हे साहेबांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की तो स्वप्नात आला असता तरी मी ओळखला असता. "ट्राउट हा सभ्य मासा," ते म्हणत. आमच्या समुद्रात बोंबील, पापलेट, रावस, काय हवं ते मिळे, पण त्यात सभ्य कोणी नव्हतं.

सातपाटीहून डोक्यावर पाटी घेऊन एक कोळीण वसाहतीत यायची. साहेब धरलेला मासा परत पाण्यात सोडतात, हे तिला कुणी तरी सांगितलं. तिनं पाटी खाली ठेवली आणि साहेबांना सरळ विचारलं, "सोडाचाच हाय तं धरता कशाला?"

"खेळ आहे तो, बाई."

"कोनाचा? तुमचा का माशाचा?"

साहेब मनापासून हसले. बाई गेल्यावर त्यांनी फाटकावर निरोप ठेवला, की हिला पुन्हा आत येऊ देऊ नका.

रविवारी ते जीपनं सूर्या नदीवर जात, आणि वाटा माहीत असलेला म्हणून मला बरोबर घेत. नदीकाठी एक पाडा होता. त्या पाड्यातली चौदा माणसं आमच्याच कामावर खडी फोडायला होती. आठवडाभर कामाशेजारच्या झोपड्यांत राहायची आणि शनिवारी संध्याकाळी दहा-बारा मैल चालत घरी जायची. त्यांचा म्होरक्या जान्या. पन्नाशी उलटलेला, काटक. रविवारी साहेबांची पिशवी तोच उचलायचा. त्याच्या कोंबड्याच्या मानेची तांबूस पिसं साहेबांना माशीसाठी पसंत पडली होती. जिवंत कोंबड्याची दोन पिसं ते अशी काढत की तो ओरडायचाही नाही. जान्या कौतुकानं मान हलवायचा.

मांडीभर पाण्यात उभे राहिले की साहेब वेगळेच दिसत. काठी मागं जाई, दोरी हवेत लांबच लांब उलगडे आणि माशी पाण्यावर अशी टेके की ठाऊक असूनही ती मला खरी वाटे. खोटं कशाला बोलू, ते पाहताना मी सगळं विसरायचो. मासा लागला की ते आधी स्वतःचे हात ओले करत. "कोरडा हात लागला की त्याची कातडी दुखावते," ते सांगत. मग त्याचं तोंड प्रवाहाकडे करून, त्याला पुन्हा दम येईपर्यंत धरून ठेवत आणि त्याच्याशी बोलत. तेही अहो-जाहो करून. "लागलं का हो तुम्हाला? झालं, झालं. या आता." जान्या काठावर पिशवी घेऊन उभा असे. त्याला ते "ए म्हाताऱ्या" म्हणत.

तिथल्या डोहात एक मोठी खडस होती. खडस म्हणजे आपल्या नद्यांतला तो सोनेरी, जाड खवल्यांचा मासा. हिच्या शेपटीला एका बाजूनं खाच होती, त्यावरून ती ओळखू यायची. साहेबांनी तिला दोन वर्षांत तीनदा धरली आणि तीनदा सोडली. तिसऱ्यांदा सोडल्यावर त्यांचे डोळे भरून आले. "इथं ट्राउट नाही म्हणून मी या मुलखाला नावं ठेवत होतो," ते मला म्हणाले. "पण हिच्यामुळे टिकलो."

परतताना जान्यानं मला हळूच विचारलं, "भाऊ, सोडलेला मासा कोनाचा?"

"नदीचा," मी म्हणालो.

"आन् नदी?"

मी हसलो. साहेबांच्या जीपमध्ये बसून असल्या प्रश्नांवर हसायला सोपं जातं.

त्याच आठवड्यात एका मजुराच्या पायाचा अंगठा दगडाखाली चेचला. दुसऱ्या दिवशी तो पायाला फडकं बांधून लंगडत कामावर आला. साहेबांनी वाकून त्याचा पाय पाहिला, "फार दुखतंय का रे?" म्हणून विचारलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्यापासून हा नको. पट्टी घे."

मग एक वर्ष पाऊस नीट झाला नाही. पाड्यातला भात होळीच्या आधीच संपला. आमच्याकडच्या चौदा जणांच्या कामावर आणि रानातल्या कंदांवर अख्खा पाडा कसाबसा तगून होता. वैशाखात नदी आटून नुसते डोह उरले. त्या लोकांची जुनी रीत अशी, की उन्हाळ्यात एकदा सगळ्यांनी मिळून डोह करायचा. गेळाची फळं ठेचून पाण्यात कालवली की मासे गुंगतात आणि वर येतात. लहानथोर सगळे पाण्यात उतरतात. जे मिळेल त्याचे घरटी सारखे वाटे होतात, आणि ज्या घरात पोटुशी बाई असेल त्या घराला एक वाटा जास्त.

जान्यानं मला आधी सांगितलं होतं. "दोन दिस येनार नाय आमी. डोह करायचा हाय. माझी पोर बाळतपनाला आलेय. तिच्या पोटात काय तरी जाया पायजे."

"करा की," मी म्हणालो. त्या वेळी मला साहेबांची खडस आठवली नाही, असं मी पुढे बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. आठवली होती. मी बोललो नाही, एवढंच.

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा डोहाच्या कडेला बोटभर मासोळ्या पांढऱ्या पोटांनी तरंगत होत्या. खडकावर मोठाली खवलं पडली होती. साहेबांनी एक उचललं, उन्हात धरून पाहिलं, आणि पाड्याकडे चालू लागले.

पाड्यात सणासारखं वाटत होतं. पोरींनी कपाळावर खवल्यांच्या टिकल्या लावल्या होत्या. साहेब दिसताच जान्या लगबगीनं घरात गेला आणि पळसाच्या पानावर काही तरी घेऊन आला. त्या मोठ्या खडसेचं डोकं होतं, विस्तवावर भाजून ठेवलेलं.

"तुमचा वाटा, सायेब," तो म्हणाला. "कालपास्नं राखून ठेवलाय. तुमी तीनदा धरलेली. मानाचं डोकं तुमाला नाय तं कोनाला?"

उपाशी घरात एक अख्खी रात्र त्या डोक्याला कुणी शिवलं नव्हतं, हे लक्षात घ्या. साहेबांनी दोन्ही हात पुढे करून पान घेतलं. "छान," ते म्हणाले. "फार छान." माझा जीव भांड्यात पडला. जाताना त्यांनी नदीकाठी जीप थांबवली, स्वतःच्या हातांनी वाळूत खड्डा केला आणि ते डोकं पुरलं.

सोमवारी सकाळी चौदाही जण कामावर हजर होते. साहेबांनी मला बोलावलं.

"दोन दिवसांचा खाडा आहे. सगळ्यांची नावं काप."

"साहेब, त्यांना दुसरं काही नाही. जान्याची मुलगी दिवसांत आहे."

"पट्टी घे," ते म्हणाले.

मी चौदा रेघा ओढल्या. त्या अगदी सरळ आल्या याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

पाड्यातले धडधाकट लोक वसईकडे मिठागरांवर काम शोधायला निघून गेले. जान्या मुलीपायी मागं राहिला. त्यानं विचार करकरून साहेबांच्या रागाचं कारण शोधलं. साहेबाला मासा खायचा नव्हता, सोडायचा होता. तो आपण खाल्ला. तर आता त्याला सोडायला एक मासा नेऊन द्यायचा.

आठवड्याभरानं तो भर दुपारी फाटकाशी आला. डोक्यावर मडकं होतं. पहाटे निघून, वाटेतल्या दर विहिरीवर पाणी बदलत, हात घालून ते हलवत त्यानं एक जिवंत खडस आणली होती. वीतभर असेल. कुठल्याशा लांबच्या डोहावर तिच्यासाठी तो चार दिवस बसला होता.

"सायेब, ही सोडा," तो म्हणाला. "आन् आमाला कामावर घ्या."

साहेबांनी मडक्यात पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "अरे, हिला धाप लागलीय," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "जीप काढा. मला बैठक आहे. तू जा आणि आत्ताच्या आत्ता हिला नदीत सोडून ये."

"मी बी येतो गाडीतून," जान्या म्हणाला.

"गर्दी नको. पाणी हिंदकळेल."

"आन् कामाचं, सायेब?"

"आधी हिचं बघू दे."

जान्या चालत निघाला. आम्ही ताजं पाणी भरून घेऊन मैलभर गेल्यावर त्याला गाठलं. ड्रायव्हर उत्तरेकडचा होता. वेग कमी करून तो मला म्हणाला, "बिठा लूँ, बाबू? बूढ़ा आदमी है।"

मी मडकं मांडीवर धरून बसलो होतो. "नको," मी म्हणालो. "साहेबांनी सांगितलंय."

जान्या रस्त्याच्या कडेला झाला आणि मागून ओरडला, "पानी हलवत ऱ्हा भाऊ, नाय तं मरंल!"

मी हलवत होतो. पण रस्ता सगळा खड्ड्यांचा आणि ऊन आगीसारखं. अर्ध्या वाटेतच खडस पोट वर करून उलटी झाली. जान्याच्या डोक्यावर ती पहाटेपासून दुपारपर्यंत जगली आणि जीपमध्ये अर्धा तास टिकली नाही.

तरी जीप तशीच पुढे पाड्यापर्यंत नेली. पाड्यातल्या दारांना दोऱ्या बांधलेल्या होत्या. फक्त जान्याची मुलगी पोट सांभाळत उंबऱ्याशी बसली होती. "घेतलं का बापाला कामावर?" तिनं विचारलं. मी मडकं तिच्यापुढे ठेवलं. तिनं मडक्यात डोकावून पाहिलं.

"मेली की ही. मंग द्या इकडं."

मी दिली. तिनं लगेच विळीवर चिरायला घेतली.

परतताना जान्या समोरून येताना दिसला. त्यानं हात केला, जीप थांबली.

"सुटली का, भाऊ?"

"सुटली."

"जिती?"

"हो."

"मंग घेल आता सायेब," तो म्हणाला आणि हसला. त्याचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं माखले होते. आम्ही पुढे निघालो.

साहेब माझीच वाट पाहत होते. त्यांनाही मी सुटली म्हणून सांगितलं. त्यांनी समाधानानं डोळे मिटले. ती वेळ साधून मी विचारलं, "साहेब, जान्याला परत घेऊ?"

"कोण जान्या?"

"मासा घेऊन आला तो. रविवारी तुमची पिशवी उचलायचा."

"असं होय. चांगला माणूस आहे," ते म्हणाले. "पण खोडलेली नावं पुन्हा लिहिली की पान घाण दिसतं."

पुढच्या वर्षी साहेब गेले. पुन्हा नीलगिरीकडे, त्यांच्या ट्राउटपाशी. बोईसर स्टेशनवर त्यांनी माझा हात हातात घेतला, तब्येतीला जप म्हणाले, आणि मला खरोखर गहिवरून आलं. त्यांच्यासारखा देखणा गळ टाकणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. त्यांचा राग यायला हवा तितका मला कधी आलाच नाही. माझा येतो.

जान्या त्या संध्याकाळी घरी पोचला असेल तेव्हा ती खडस चुलीवर शिजत असणार, आणि मी ती कशी मेलेली आणून दिली हे मुलीनं त्याला सांगितलं असणार. साहेबांना ते सांगायला तो फाटकाशी येईल अशी मला भीती होती. आठवडाभर मी मागच्या कुंपणातून वाकून कामावर जात होतो. तो आला नाही.