लिंबावरचा कर्णा

"पत्रकारांना आत मज्जाव आहे," मतमोजणीचे साहेब म्हणाले, आणि त्यांनी दौंडच्या वाघमारेंना शाळेच्या फाटकाबाहेर काढलं. वाघमारे पुण्याच्या पेपरला बातम्या धाडायचे. वही बगलेत मारून ते तरातरा एस्टी स्टँडाकडं गेले. मी मात्र आतच राहिलो. माझ्याकडं पास नव्हता, पण मशीन होतं.

मी शिरूरचा लाऊडस्पीकरवाला. शाळा तिसरीपर्यंत. पण माझ्या मशीनइतका स्वच्छ आवाज तालुक्यात कुणाचा नव्हता. होता असं कुणी म्हणत असेल तर त्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मेंबर वारल्यामुळं मांडवगण फराट्याकडची पंचायत समितीची जागा रिकामी झाली होती. पोटनिवडणूक लागली. एकीकडं दौलत आप्पा, मोठे बागाईतदार. दुसरीकडं सोपान, सायकली दुरुस्त करणारा. लोक शाळेत घुसू नयेत म्हणून साहेबांनी त्यांना स्टँडावरच थांबवलं. निकाल कर्ण्यावरून सांगायचा ठरला. मी दोन कर्णे बांधले. एक खोलीच्या दारावर, दुसरा लांब वायर ओढून स्टँडावरच्या लिंबावर. माईक साहेबांच्या टेबलावर.

आता, कर्णा माईकच्या जवळ असला की मशीन शिट्टी मारतं. कर्ण्याचा आवाज माईकमध्ये शिरतो, तोच परत कर्ण्यातून निघतो, आणि असा फिरून फिरून किंचाळायला लागतो. मी मशीन चालू केलं आणि दारावरचा कर्णा केकाटला.

"अहो, तो कर्णा बंद करा!" साहेबांनी कानांवर हात ठेवले.

"दारावरचा?"

"मग काय माझ्या डोक्यावरचा?"

मी दारावरच्या कर्ण्याची वायर काढली. शिट्टी थांबली. मोजणी सुरू झाली.

पहिला गठ्ठा सोडताना साहेब क्लार्कला म्हणाले, "भराभर आवरा. संध्याकाळी लग्नाला न्यायचं बायकोला कबूल केलंय."

लांब स्टँडावर हशा उठला.

"तिकडं तमाशा लागलाय का?"

"लोकं खूष हायती, साहेब," मी म्हणालो. साहेबांना सगळी मोजणीच लोकांना ऐकवायची आहे, असं मी धरून चाललो होतो. इतका दिलदार साहेब मी पहिल्यांदाच बघत होतो.

मग एका मतपत्रिकेवर वाद झाला. शिक्का दोन्ही खणांच्या मधल्या रेघेवर पडला होता. आप्पांचा एजंट उठला. "हे मत आमचं."

साहेबांनी कागद खिडकीकडं धरला. "निम्मा शिक्का इकडं, निम्मा तिकडं. मत बाद. तुमचं नाही, त्यांचंही नाही."

"आप्पा तुमची बदली करत्याल, साहेब!"

"करू द्या. बाद म्हणजे बाद. क्लार्क, चहा सांगा. माझा बिनसाखरेचा. यांना दुधाचा द्या, तापलेत."

स्टँडावर टाळ्या आणि शिट्ट्या. क्लार्क फाटकापर्यंत पोचायच्या आतच स्टँडावरचे हॉटेलवाले कासमचाचा किटली घेऊन दारात हजर. चहाला कुठल्याच फाटकावर पास लागत नाही.

"हा बिनसाखरेचा, साहेब. आन् हा दुधाचा, तापलेल्या एजंटाला."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की! समदं स्टँड ऐकतंय. बायका म्हनत्यात, वैनीसायेबांना लग्नाला उशीर हुतोय."

साहेबांनी माईककडं बघितलं. मग माझ्याकडं.

"बंद करा म्हणालो होतो ना?"

"दारावरचा म्हनला, दारावरचा केला. लिंबावरच्याचं तुम्ही नाव काढलं न्हाई."

"मशीन जप्त करतो तुमचं!"

"करा. पन सांगितल्याबिगर मी वायरीला हात लावत न्हाई."

बोललो खरा, पण लग्नसराई तोंडावर. मशीन गेलं तर माझं घर कशावर चालणार? दारातला हवालदार मशीनकडं निघाला, तशी स्टँडावरून आरोळी आली, "बंद करू नगा!" ही जप्तीही सगळ्यांनी ऐकली होती.

पाठोपाठ दौलत आप्पा स्वतः धापा टाकत आले. मागं फाटकापाशी वाघमारे.

"साहेब, मशीन ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाले. "आता बंद पडलं तर लोकं म्हनतील, आप्पा आत गेला आन् काय तरी केलं. आन् ह्या एजंटाला आधी घरी धाडा. बदल्या करनारा म्हून भर स्टँडात माझं नाव केलंय त्यानं."

साहेबांची नजर फाटकाकडं गेली. "तुम्हाला मज्जाव आहे!"

"मी आत आलोच नाही, साहेब," वाघमारे म्हणाले. "लिंबाखाली बसून सगळं लिहून घेतलंय."

साहेबांनी चहाचा घोट घेतला, माईक जवळ ओढला, आणि ते हवालदाराला म्हणाले, "राहू द्या ते मशीन."

पुढची मोजणी स्टँडावरचे लोक मोठ्यानं आकडे म्हणत साहेबांच्या बरोबरीनं करत होते. सोपान थोडक्या मतांनी आला. फेरमोजणी कुणी मागितली नाही. मागणार कसे? आप्पांनीच पहिली मूठ गुलाल उधळला, तो माझ्या मशीनमध्ये गेला. साफ करायला आठवडा लागला, पण मशीन माझ्याच घरी साफ झालं.

वाघमारेंचं बातमीचं पाकीट एस्टीच्या कंडक्टरबरोबर पुण्याला गेलं. खुली मतमोजणी केली म्हणून पेपरात साहेबांचं कौतुक आलं. माझं नाव नव्हतं. पुढच्या मोजणीला साहेबांनी माझ्यासाठी जीप धाडली, ते मी नाव छापल्यासारखंच धरलं.

माझं एवढंच सांगणं आहे. माईकसमोर बसलेल्या माणसानं तो चालूच आहे असं समजून वागावं. साहेब त्या दिवशी माईक बंद आहे असं समजूनही तसेच वागले, म्हणून निभावले.