सात ओव्यांचा फोटो

मथुरेनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलणं. चाळीस वर्षांचा संसार, आणि शेवट बिरड्यावर! मधे परात, परातीत मोड आलेले वाल, या अंगाला मी, त्या अंगाला बायको. ती दहा सोली तोवर माझा एक. (तोही चिरडलेला.)

मला कंटाळा आला. खुंटीवर कॅमेरा होता, रोलात एकच फोटो उरलेला. उचलला आणि तिच्यावर रोखला.

"खबरदार! मला भिंतीवर टांगायची घाई झाली काय तुमाला?"

तिचं म्हणणं असं, की आमच्या भिंतीवर जेवढे फोटो, तेवढ्या सगळ्यांना हार. म्हणजे फोटो निघाला की माणूस गेलाच! गावात बारशापासून बैलापर्यंत सगळ्यांचे फोटो मी काढले, पण ही बाई जन्मात समोर उभी राहिली नाय. मी बटण दाबलं. तिनं मूठभर वाल फेकून मारले. सगळे लागले. तोंडानं शिव्या चालूच.

चौथ्या दिवशी तिच्या छातीत कळ आली. जीपनं शहापूरला न्यायला निघालो. निम्म्या वाटेतच संपलं.

आता माझं खूळ सांगतो. शहापूरला एका स्टुडिओत मी पंधरा वर्षं झाडू मारला, पाणी भरलं. रंगीत फोटो आले तसं मालकानं काळ्या-पांढऱ्याचं सगळं सामान मला देऊन टाकलं. मोठं लोढणं! एसटीतून आणताना कंडक्टरनं त्याचंही तिकीट मागितलं. घरी भाताच्या कोठीत मी ते मांडलं. कोठीला खिडकी नाय, उजेडाला शिरायला वाट नाय.

फिल्म धुवायची तर मिट्ट काळोख लागतो. दोन हातांत दोन टोकं धरून, औषधाच्या परातीत तिला झोके द्यायचे. किती वेळ? काळोखात घड्याळ काय कपाळ दिसणार! ते काम मथुरेचं. ती दाराला पाठ लावून बाहेर बसायची आणि सात ओव्या म्हणायची. सात संपल्या की फिल्म झाली. सहा ठरलेल्या, तिच्या आईकडून आलेल्या. सातवी ती दर वेळी नवी रचायची, आणि त्यात मला शिव्या असायच्या.

तर, बारावं उद्यावर आलं आणि माझी थोरली बहीण सखूबाय कडाडली, "फोटो कुठंय तिचा?"

फोटो नाय. ओळखपत्रावरचा नखाएवढा, त्यात डोळे मिटलेले.

"अख्ख्या तालुक्याचे फोटो काढलेस, आन् बायकोचा नाय? हार काय तुझ्या गळ्यात घालू?"

भरल्या घरात माझी मान खाली. तेव्हा खुंटीकडे नजर गेली. रोल! त्यात तिचा एकच फोटो. तो बिघडला तर मथुरा जगातून पुसली!

मी सुनेला म्हटलं, "संगीता, दाराशी बस. ओव्या म्हण."

"बाबा, सुतकात?"

"तुझ्या सासूचा जीव टांगलाय. म्हण!"

मी कोठीत शिरलो, दार लावलं, फिल्म परातीत सोडली. बाहेर पहिली ओवी सुरू झाली. पोरगी बरं म्हणत होती. दुसरी. तिसरी. तेवढ्यात सखूबाय आली.

"लाज सोडली काय गो? मढं उठून अकरा दिस झाले न् घरात गाणी?" असं म्हणत तिनं दाराची कडी धरली!

मी आतून बोंबललो, "दार उघडलंस तर भावजय दुसऱ्यांदा जाईल!"

कडीचा आवाज थांबला. पण सूनही थांबली. चौथ्या ओवीत तिला रडू फुटलं.

"थांबू नको गो! मी हलवतोय! चौथी!"

हुंदक्यावर हुंदके, ओवी नाय. माझे हात झोके देतायत, औषध त्याचं काम करतंय, वेळ चाललाय. आणि मग, कुणाला सांगून खरं वाटायचं नाय, सखूबायनं चौथी उचलली! फाटका गळा, पण शब्द न् शब्द बरोबर. जमलेल्या बाया तिच्यामागून. पाचवी. सहावी. मयताच्या घरात लग्नघर उठलं.

सहावी संपली, पुढची येईना.

"सातवी?" मी ओरडलो.

"सातवी तिची तिलाच ठाव!" सखूबाय म्हणाली.

काय करणार? काळोखात, बेडकाच्या गळ्यानं, मीच माझ्यावरची ओवी गायलो:

"अंधारात माझा धनी, परातीत हलवी पाणी,
शेतामधी शिरली गुरं, हाकलाया नाय कोणी!"

बाहेर बाया हसून लोळल्या. रडून सुजलेल्या डोळ्यांनी सून हसली. सखूबायनं पदर तोंडात कोंबला, मला ऐकू आलं.

दिवस कलला तोवर फिल्म वाळली. लाल दिवा लावून, फिल्ममधून कागदावर उजेड पाडला आणि कागद औषधात सोडला. मी चौथी शिकलेला माणूस. देव कुठं राहतो मला ठाऊक नाय, पण कोऱ्या कागदावर माणूस उगवताना मी शेकडो वेळा बघितलंय आणि दर वेळी डोक्यावरची टोपी काढलीय. त्या दिवशी टोपी आधीच काढून ठेवली.

आधी केस आले. मग कुंकू. पण मधे मधे कागद कोराच! माझं काळीज फाटलं, फिल्मला डाग पडले म्हणून. मग कळलं, डाग नव्हेत. ते वाल होते, हवेत उडालेले. आणि त्यांच्या पलीकडं तिचं तोंड. मला वाटलेलं शिव्या देतेय.

ती हसत होती. सगळे दात काढून! मी चाळीस वर्षं शिव्याच ऐकत बसलो, वर मान करून बघितलंच नाय. (ओव्या रेंगाळल्या, फिल्म जास्त शिजली, म्हणून ती कधी नव्हे ती गोरीपान आली.)

मुलगा दिनेश म्हणाला, "बाबा, शहापूरला स्कॅन करून आणतो. कंप्युटरवर वाल पुसून देतात. चेहरा साफ होईल."

"एक वाल पुसलास तर तंगडी तोडीन!"

फोटो भिंतीवर टांगला नाय. तिनं बजावलंच होतं. भाताच्या कणगीला टेकवून ठेवला, आणि सखूबायनं हार कणगीला घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाराव्याच्या बिरड्याचे वाल सोलायला मीच बसलो, तिच्या समोर. दहा सोलले, त्यातले नऊ चिरडले. धड राहिला तो तिच्याकडं फेकला. तीन हातांवरून, तोही चुकला. नेम तिचाच चांगला होता.