भरती विचारली, उधाण नाही

रविवारी सकाळी रोह्याच्या अष्टमी भागातल्या घरी मी मासे साफ करत होते, तेव्हा धाकट्या भावाचा फोन आला.

"ताय, तुझी उघाडी येडी झाली. खाडी आत घेतेय."

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. ओहोटीला उघडून शेतात साठलेलं पावसाचं पाणी सोडायचं, भरतीला बंद करायचं. माझं माहेर पेणच्या खाडीलगतचं. आमची सगळी भातशेती त्या एका दारामागे आहे. लावणी नुकतीच उरकली होती. मुळाशी खारं पाणी बसलं तर यंदाचं भात जाणार, पुढच्या सालाचीही खात्री नाही.

रोह्याला कंपनीत मोजमापाची उपकरणं मी सांभाळते, म्हणून दाराला मोटर आणि दोन सेन्सर मीच बसवून दिले होते. एक खाडीकडे, एक शेताकडे. सेन्सर पाण्याच्या उंचीप्रमाणे व्होल्ट देतो, बोर्ड त्याचा आकडा करतो. बाहेरचा आकडा मोठा असला की दार बंद, आतला मोठा असला की उघडं.

"दाराच्या जुन्या फळ्या टाक," मी म्हटलं.

"त्या चुलीत गेल्या."

हाताने बंद करायचं बटण मी ठेवलं नव्हतं. बांधावरून जाणारा प्रत्येक जण दाबून बघेल, म्हणून.

रोह्याहून पेणपर्यंत गाडीत उभी राहिले. बसायला जागा होती.

बांधावर पोचले तेव्हा भाऊ आणि भावजय दारात मातीच्या गोणी ढकलत होते आणि पाणी त्या उचलून नेत होतं. मी लॅपटॉप जोडला. बाहेरचा आकडा एकाच जागी चिकटला होता. खाडी डोळ्यांदेखत चढत होती आणि बोर्डाच्या मते ती कधीच थांबली होती. आतल्या पावसाच्या पाण्याचा आकडा त्याच्या वर गेला, तसं बोर्डाने दार उघडलं होतं.

बोर्डाला प्रत्येक सेन्सरची रेंज आधी सांगावी लागते. त्यापलीकडे व्होल्ट गेले तर आकडा वर सरकतच नाही. आत पाऊस किती साठेल याचा भरवसा नव्हता, म्हणून आतल्याला मी चार व्होल्टपर्यंतची रेंज दिली होती. बाहेरच्याला दोनच. आकडे बारीक मिळावेत म्हणून, आणि भावाने सांगितलेल्या उंचीला तेवढे पुरत होते म्हणून.

"भरतीचं पाणी कमरेएवढं, तूच म्हणालास!"

"तू भरतीचं इचारलंस, मी भरतीचं सांगितलं. उधाणाचं कुठं इचारलंस गो?"

रोजची ती भरती, अमावास्या-पौर्णिमेचं चढतं ते उधाण; आमच्यात ते दोन वेगळे शब्द आहेत. मलाही माहीत होते.

"भांडा तुमी," भावजय गोणी ओढत म्हणाली. "खाडी थांबलीय ना तुमच्यासाठी! वन्स, ते दार पाडा आधी."

बाहेरच्या सेन्सरचे दोनाचे चार व्होल्ट केले. आकडा सुटला, आतल्याच्या वर गेला, मोटर कण्हली आणि दार खाली बसलं. आत आलेलं पाणी आता ओहोटीपर्यंत आतच राहणार होतं.

भावजय शेतात उतरली. एका खाचरात बोट बुडवून जिभेला लावलं, थुंकली. पुढच्या खाचरात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. अगदी वरच्या कोपऱ्यात ती थांबली.

"कसं हाय?" भाऊ ओरडला.

"हितं गोडं हाय! या लवकर!"

आम्ही तिघांनी त्या एका खाचरात पाणी शिरायची वाट हातांनी चिखल लोटून बुजवली. बाकीच्या खाचरांत रोपं हिरवीगार उभी होती. पिवळी पडायला त्यांना थोडे दिवस लागतात.