आईच्या कपाळावरचं लाल

मी एका माणसाची बोटं मोडली. तो काळ्या-पांढऱ्या फोटोंत हाताने रंग भरायचा. भिवंडीच्या बाजारात त्याचं एका शटरचं दुकान होतं. काडीला कापूस गुंडाळून तो गालांवर गुलाबी रंग इतका हलका फिरवायचा की माणूस नुकताच उन्हातून आल्यासारखा दिसे. एके काळी लग्नाची जोडपी त्याच्या दारात ताटकळायची. मग रंगीत फोटो मशीनवर निघू लागले आणि दोन हजार सालानंतर त्याच्याकडे फक्त मेलेली माणसं उरली.

आम्ही भिवंडीजवळच्या वळ गावचे. जमीन गोदामांत गेली, पैसा आला. हात उगारायची सवय मला त्याआधीपासूनच होती. गड्यावर, रिक्षावाल्यावर, बायकोवर.

आई गेली. तिचा एक साधा, बिनरंगी फोटो त्या रंग भरणाऱ्यानेच ती जिवंत असताना काढून ठेवला होता. तो मोठा करून, रंगवून, फ्रेम करून द्यायला मी सांगितलं. बाराव्याला भावकीसमोर कागद फाडला तर आत हिरवं लुगडं, हातभर बांगड्या आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. वडील वारले तेव्हा मी पाळण्यात होतो.

मागून चुलता बोलला, "काय रं, म्हातारीचं लगीन लावलंस काय?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

मी तशीच फ्रेम उचलून भिवंडी गाठली आणि ती त्याच्या तोंडावर हाणली. काच गालात घुसली.

"कुंकू लावायला कुनी सांगितलं तुला?"

"शेठ, आईनेच. फोटो काढला तेव्हाच बोलली होती. कसम से."

आई परक्या पुरुषाशी असलं काही बोलली, हे मला सहन झालं नाही. तो खोटं बोलला असता तर दोन थपडांवर सुटला असता. मी लाथ घातली. तो दारात पडला, उजवा हात उंबऱ्यावर आला. मी शटर धरून खाली ओढलं. मग वर केलं आणि पुन्हा ओढलं. फाटलेला फोटो गटारात टाकून निघालो.

घरी बायकोने माझ्या शर्टावरचं रक्त पाहिलं.

"त्याला मारलंत? मीच नेलेलं आईंना तिथं. त्या बोलल्या, जित्तेपनी लावलं तर पुसतील. मेल्यावर कोन पुसनार हाय?"

मी तिच्याही कानफटात मारली. तिने तोंड वळवलं नाही.

"मारा. पुसनारे तुमीच निघालात."

त्याच्या हाताचं प्लास्टर निघाल्यावर मी दुकानात गेलो. दवाखान्यात त्याने शटर आपोआप पडलं असं सांगितलं होतं. मी पाया पडलो. पैसे पुढे केले, ते त्याने पाहिलेही नाहीत.

"तसाच पुन्हा रंगवून द्या," मी म्हणालो.

त्याने काडी उचलली. बोटं मिटेनात. काडी खाली पडली. दुसऱ्यांदाही पडली. मग त्याने डाव्या हाताने खणातून आईच्या फोटोची बिनरंगी प्रत काढली.

"हा न्या, शेठ. याच्यावरून तुम्हाला कोणी हसणार नाही."

पुढे त्याने दुकान विकलं. त्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. कपाळ कोरं आहे. आलेला प्रत्येक जण म्हणतो, "अगदी अशीच होती रे आई." बायको तेव्हा उठून आत जाते.