सीट भरल्याशिवाय गाडी सुटत नाही

आमच्या कंपनीनं गेम तीनच काढले, पण किस्से विचारू नका! चहाला बसलं की एक निघतो आणि त्याच्या मागं लागून दुसरा येतो. परवा मावसबहिणीच्या हळदीत सांगत बसले, तर नवरी तशीच पाटावर राहिली आणि बायका म्हणतात, "थांब गं, आधी हिचं होऊ दे!"

कंपनी म्हणजे आम्ही तिघं, कॉलेजचे दोस्त. इरफान कोड लिहितो, बालाजी आवाज भरतो आणि मी चित्रं काढते. ऑफिस उमरग्यात, हायवेला लागून, टायरच्या दुकानाशेजारच्या गाळ्यात.

*

गाळ्याचे मालक शिवलिंगअप्पा. आम्ही गाळा घेतला त्या दिवशी आत डोकावले.

"माल कुठाय?"

"अप्पा, आमचा माल कॉम्प्युटरमध्ये असतो," इरफान म्हणाला.

"आन् गिऱ्हाईक?"

"ते परदेशात."

अप्पांनी रिकाम्या गाळ्याकडं बघितलं, मग शटरकडं बघितलं. "माल दिसंना, गिऱ्हाईक येईना. मग एवढं मोठं शटर घेऊन काय करायलाव? जिन्याखालची जागा दिली असती की!"

दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात त्यांची सोयाबीनची पोती येऊन पडली. बालाजी अजूनही त्या पोत्यांवरच बसून काम करतो. म्हणतो, खुर्चीपेक्षा बरं आहे.

*

पहिला गेम लई मोठा होता. किल्ला, तलवारी, आणि सात तोंडांचा राक्षस! एकेका तोंडाचे दात मी वेगळे काढले होते. रात्रंदिवस त्या राक्षसातच जीव अडकलेला. शेवटी गेम बाजारात आला. इरफानच्या आतेभावानं घेतला. बालाजीनं स्वतःच घेतला, वर दुसऱ्या नावानं परत घेतला.

मग एक दिवस खरोखरच्या अनोळखी माणसाचा अभिप्राय आला. कुठल्या तरी थंड देशातला माणूस. आम्ही तिघं डोक्याला डोकं लावून वाचायला बसलो. त्यानं लिहिलं होतं, "किल्ल्याच्या दारातली शेळी छान आहे."

शेळी! दार मोकळं दिसत होतं म्हणून चहा पिता पिता काढलेली शेळी!

इरफान म्हणाला, "ठीक आहे. लोकांना शेळी पाहिजे ना? शेळी देऊ."

दुसरा गेम काढला, फक्त शेळीचा. शेळी चरते, शेळी उड्या मारते, शेळी कुंपण खाते. त्याच माणसानं तोही घेतला. अभिप्राय आला, "राक्षस कुठं गेला?"

*

इरफानचे अब्बा, वाजिदचाचा, उमरगा-लोहारा काळी-पिवळी चालवतात. आयुष्य त्या जीपमध्ये गेलं. शेळीही पडली म्हटल्यावर ते एकदा ऑफिसात आले आणि एका पोत्यावर टेकले.

"बेटा, दोन झाले. तिसरा चालला तर खुशाल हेच कर, म्या तोंड उघडणार न्हाय. न्हाय चालला तर बाजारात आल्यावर पहिल्या सोमवारी गाडीवर बसायचं. माझी कंबर गेली आता."

चाचांची कंबर खरंच गेली होती. पोत्यावरून उठताना त्यांना बालाजीनं हात दिला. त्यामुळं भांडायलाही तोंड नव्हतं. इरफानला दुसरं काही करायचंच नव्हतं हो! शाळेपासूनच्या ह्या एकाच वेडापायी त्यानं पुण्याची नोकरी सोडलेली.

मग मीच म्हणाले, "राक्षस नको, शेळी नको. तुला आयुष्यात एक गोष्ट नीट माहीत आहे. जीप! जीपचाच गेम कर."

*

जीपमधले आवाज पाहिजेत म्हणून बालाजी माईक घेऊन स्टँडवर गेला. माईक दिसल्याबरोबर एका धोतरवाल्या काकांना वाटलं, टीव्हीवाला आला! त्यांनी टोपी सरळ केली आणि सुरू झाले.

"आमच्या गावचा रस्ता बघा! हा रस्ता हाय का? म्हशीला विचारा, ती बी न्हाय म्हणती!"

बालाजी म्हणतो, "काका, मला फक्त हॉर्न पाहिजे."

"हॉर्नचं नंतर. आधी रस्त्याचं लिहून घ्या!"

ते सगळं काढून टाकायचं ठरलं होतं, बालाजी विसरला. आमच्या गेममध्ये मागच्या सीटवरचे एक काका अख्खा वेळ रस्त्याबद्दल बोलत असतात.

*

गेम तयार झाल्यावर पुण्यातल्या मित्राला खेळायला दिला. त्याचा फोन आला, "अरे, गेम अडकलाय. गाडी हलतच नाही."

इरफाननं विचारलं, "किती जण बसलेत?"

"चार-पाच."

"मग कशी हलंल?"

"म्हणजे?"

"अरे, सीट भरू दे की!"

तेव्हा कुठं आमची ट्यूब पेटली. अर्धी रिकामी जीपही सुटू शकते, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं! गेममध्ये सीट भरेपर्यंत जीप जागची हलत नव्हती. खेळणाऱ्यानं नुसतं बसायचं, लोहारा-लोहारा ओरडायचं आणि काकांचं ऐकायचं.

मी म्हणाले, "बदलू या. परदेशातले लोक वैतागतील."

इरफान भडकला. "रिकामी गाडी सोडली तर अब्बा घरात घेतील का मला?"

नाही बदललं. गेम बाजारात आला आणि ज्या दोन-चार जणांनी घेतला त्यांची एकच बोंब, गाडी बिघडलीय! रविवारपर्यंत दुसरं कुत्रं फिरकलं नाही. सोमवारी सकाळी इरफाननं चाचांकडून चावी घेतली आणि स्टँडवर गेला.

*

त्याच सकाळी मी ऑफिसात येऊन कॉम्प्युटर उघडला आणि किंचाळलेच! परदेशातला कुणी एक पोरगा, गेम खेळताना त्याला इंटरनेटवर बघायला हजारो लोक बसतात, तो आमच्या जीपमध्ये बसला होता. गाडी हलेना. त्यालाही हट्ट, उठेना. बघणारे वाढत गेले. रस्त्यावाल्या काकांवर तर लोक फिदा! शेवटची सीट भरून जीप हलली तेव्हा म्हणे सगळ्यांनी एकच जल्लोष केला. आता जो तो आमचा गेम घेत होता.

स्कूटी काढली, सुसाट स्टँडवर. इरफान स्टिअरिंगला हात लावून मान खाली घालून बसलेला.

"इरफान्या! चालला! गेम चालला आपला! उतर खाली!"

त्यानं मोबाईल बघितला. अब्बांना फोन लावला, स्पीकरवर. चाचांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, "जबान दिली ती दिली. उद्यापासनं गाडीला माणूस ठेवू. तू तुझं काम कर, बेटा."

इरफान ढसाढसा रडायला लागला. मीही रडले. त्यानं एक पाय खाली टाकला, तेवढ्यात मागच्या सीटवरच्या एका प्रवाशाचा आवाज आला, "ओ हिरो! उद्यापासनं म्हणाले ते! आज लोहारा!"

इरफाननं डोळे पुसले, पाय परत आत घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

"एक सीट कमी हाय."

बसले मी. काय करते! जीप हायवेला लागली तसा त्याचा मोबाईल जो टिंगटिंग वाजायला लागला, तो थांबेचना. माझ्या शेजारी भाजीची पिशवी मांडीवर घेतलेल्या एक आजी होत्या. त्या वैतागल्या.

"बाबा, काय झालंय रं त्या फोनला? मघापासनं कोकलायलाय!"

"गिऱ्हाईक हायत, आजी," इरफान म्हणाला. "जगभरातनं."

आजींनी पिशवी नीट केली.

"मग सांग की त्यांला, लोहाऱ्याला जाऊन येतो म्हणून. थांबतील!"