पाचवीची बोय

माझा थोरला भाऊ हिरामण. आम्ही त्याला दादूस म्हणतो. गावात कुणालाही विचारा, सांगतील, माणूस सोन्यासारखा. असेलही. पण जेट्टीवरून परत आला की त्याच्या अंगाला जो वास येतो, त्यानं सोनंसुद्धा काळं पडेल. मी त्याची सख्खी बहीण, चंद्रा. मी नाही बोलायचं तर कुणी?

माझं माहेर राहनाळच्या पुढं, खाडीला लागून. लग्न होऊन मी कामतघरला गेले. तिथं लूमचा खडखडाट दिवसरात्र कान खातो, पण नाक तरी शाबूत राहतं. माहेरी रिक्षातून उतरलं की पहिला पदर नाकाला. खाडीचं पाणी एक दिवस जांभळं, एक दिवस हिरवं. कारखान्यात काय रंगवलं ते पाण्यानं सांगायचं. वर तेलाची साय.

अशा खाडीवर चार वर्षांमागं गावाला नवी जेट्टी मिळाली. लोकांनी यावं, बसावं, मासे धरावे. फरशी, रेलिंग, बाकडी, आणि नारळ फोडून उद्घाटन. महिन्याभरात आपल्या लोकांनी तिची काय दशा केली! चिकनवाल्यांची पिसं तिथं, पोरांची डायपरं तिथं, देवाचं निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून तिथंच. देवालासुद्धा गुदमरवून मारतात. रविवारी शहरातली मंडळी महागडे गळ घेऊन येतात, धडपडणाऱ्या माशाबरोबर फोटो काढतात आणि मेला की परत पाण्यात टाकतात. मला त्यांची किळस येते आणि ते गेल्यावर तिथंच बाटल्या फोडणाऱ्या आमच्या गाववाल्यांची त्याहून जास्त.

दादूस मात्र जेट्टी झाली तसा रोज तिथं. जुनं फेकजाळं, आम्ही त्याला पाग म्हणतो, खांद्यावर टाकून निघायचा. बापानं शिकवलेली एकच गोष्ट त्याच्याकडं उरली होती. खारी जमीन गोडाऊनखाली गेली. तरुणपणी तो कापड रंगवायच्या एका डाइंगमध्ये लागला, उकळत्या रंगाच्या हौदापाशी. तिथलं रंगाचं पाणी कुठं सोडतात, हे त्याला ठाऊक होतं आणि कुणी विचारलं की तो तंबाखू मळायला घ्यायचा. हौदाच्या वाफेनं त्याचं नाक गेलं, वास कळेनासा झाला. कधी गेलं ते त्यालाच कळलं नाही. घरात दूध करपून धूर झाला तरी हा शेजारी बसून पेपर वाचतो. मासा नाकाशी धरायचा आणि म्हणायचा, “ह्यो आपले खाडीचा वास!” रॉकेलची बाटली नाकाशी धरली असती तरी हेच म्हणाला असता.

यंदा त्याची लेक हेमाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. आता आमच्या घरातली एक रीत आहे. पाचवीच्या दिवशी बाळंतिणीच्या बापानं स्वतः खाडीत जाऊन मासा धरायचा. त्याचा सटवाईला नैवेद्य, आणि मग तोच मासा बाळंतिणीच्या ताटात. अंगावरचं दूध वाढतं म्हणतात. धरणाऱ्यानं त्याला तोंड लावायचं नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांना माझ्या बापानं धरलेली बोय मी खाल्ली आहे. चांदीसारखा मासा, कालवणात नुसतं मीठ-हळद घातलं तरी गोड लागायचा. रीत चांगलीच होती, मी तिला नावं ठेवत नाही. पण ती खाडी वेगळी होती.

पाचवीच्या सकाळी कमळावहिनीनं मला ओट्यावरच गाठलं. “चंद्राबाय, तुमच्या भावाला थांबवा. अंगावर पिती पोर हाय. त्या मासलीनं काय झाला तर?”

“तू का नाही सांगत?”

“मी सांगून आयकते हायत का?”

मी त्याच्यामागं जेट्टीवर गेले. नाकाला पदर, पायाखाली काचा. दादूसनं पाग गोल फेकला, अजून हात सुंदर चालतो त्याचा, आणि ओढला तर वर आली लूमच्या धाग्यांची गुंतवळ आणि एक फुगलेलं डायपर. त्यानं ते शांतपणे सोडवलं, बाजूला ठेवलं आणि पाग पुन्हा फेकला. मी पदर तोंडावर आणखी दाबला.

“दादूस, बाजारातून आण रे एक बोय. सटवाई काय तुझी पावती बघणार आहे?”

“बाजारची? बर्फातली?” त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्याला चोरी करायला सांगितलं. “आपले बापानं तुना बर्फातली चारलेली का? माझी लेक बाहेरची मासली खाणार न्हाय.”

पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी भरती लागताना एक बोय सापडली. चांगली हातभर. घरी वहिनीनं पोट फाडलं तर आतून काळं गटार निघालं. तिनं चिंच लावली, मीठ चोळलं, तीनतीनदा धुतलं. कालवण चुलीवर चढलं आणि सगळं घर रॉकेलनं भरलं. नाकात, घशात, कपड्यांत. दादूस ओट्यावर बसून हसत होता. “आज कसा घर घरासारखा वाटतो!”

संध्याकाळी पूजा झाली. पाट्यावर सटवाई मांडली, नैवेद्य दाखवला. मग हेमालीपुढं ताट आलं. मांडीवर पोर. दादूस समोर उकिडवा बसलेला, लेक कधी घास घेते त्याची वाट बघत. हेमालीनं डाव्या हातानं पदर पोरीच्या नाकावर धरला आणि उजवा हात ताटात घातला. बापाचं मन राखायला ती तो घास खाणार होती. ते बघून माझं डोकं फिरलं. मी ताट ओढून घेतलं.

“रीत गेली खड्ड्यात. पहिला घास तू खा, दादूस!”

त्यानं खाल्ला. शांतपणे चावला, काटा काढला. “चांगला झालाय की. रोजच्यापेक्षा जरा कडू, पन चांगला.”

दुसरा घास तोंडात घालता घालता त्याची नजर हेमालीच्या डाव्या हातावर गेली. “पोरीचा नाक कशाला झाकलास गो?”

“बाबा, वास येतो.”

“खाडीचा हाय त्यो.”

“न्हाय बाबा. रॉकेलचा हाय. कवापासून हाय.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग वहिनीकडं. वहिनी खाली मान घालून म्हणाली, “तुमी आनता ती मासली मी नारलीच्या बुडात पुरते. तुमच्या ताटात बाजारची वाढते. चार वरसं झाली. आज देवापुढं खोटा कसा ठेवू, म्हनून हीच रांधली.”

हे मलाही ठाऊक नव्हतं. चार वर्षं हा माणूस त्या घाणीत उभा राहून घराला मासे पुरवत होता, बोटं चाटून ‘आपले खाडीची चव’ म्हणत होता, आणि ती चव बर्फातली होती. मला त्याची कीव आली आणि रागही आला. सगळ्यांचाच. आम्ही सगळ्यांनी गोड बोलून त्याला घाणीत ठेवलं होतं.

दादूसनं तोंडातला घास हातावर काढला. तसाच उठून मोरीत गेला. साबणानं हात धुतल्याचा आवाज आला. पाणी, पुन्हा साबण, पुन्हा पाणी. कोपरापर्यंत ओला होऊन बाहेर आला. दोन्ही तळवे नाकाशी नेले, हुंगले. काय कळणार त्याला? मग ते हेमालीपुढं धरले.

“बघ गो, गेला का?”

हेमालीनं वाकून वास घेतला. “गेला, बाबा.”

“मग दे पोरीला माझ्याकडं.”

“झोपलीय ती, बाबा,” हेमाली म्हणाली. पोर टक्क जागी होती.