निशिगंधाने तपासलेली साइट

गोडदेवच्या एका जुन्या चार मजली इमारतीत निशिगंधा एकटी राहते. तिला दिसत नाही; कॉलेजात असतानाच दृष्टी गेली. पण ती पोटापाण्यासाठी काय करते हे ऐकून नवा माणूस चाटच पडतो. ती वेबसाइट तपासते. फोन पडद्यावरचं वाचून दाखवतो, ती कान देऊन ऐकते आणि अंध माणूस कुठे अडेल ते कंपन्यांना कळवते. कंपन्या तोंडभरून आभार मानतात. सुधारणा करतात की नाही, देव जाणे.

यंदा सोसायटीने इमारत पाडून नवी बांधायचं काढलं, आणि त्यावर मतदान ठेवलं वेबसाइटवर. निशिगंधाचा नकार ठाम होता. बांधकाम होईस्तोवर भाड्याने राहायचं, आणि एकट्या अंध बाईला घर देतंय कोण? तिची मैत्रीण स्वाती, तीही अंध, आसपासच्या वस्त्यांत, नया नगरपासून हाटकेशपर्यंत घर शोधून थकली आणि शेवटी भावाच्या दारी जाऊन पडली. निशिगंधाला तर भाऊही नाही.

तिने साइट उघडली. ‘सहमत’ आणि ‘असहमत’, दोन्हींवर बोट नेलं की फोन नुसता ‘बटण’ म्हणे. कुठलं बटण, ते काही सांगेना. त्यात एकदा दिलेलं मत बदलता येणार नव्हतं. आता याला मतदान म्हणायचं की मटका?

तिने सेक्रेटरी गोवर्धनभाईंना सविस्तर लिहून पाठवलं: बटणांना नावं द्या, अर्ध्या तासाचं काम आहे. गोवर्धनभाई माणूस भला, पण वाचायचा कंटाळा. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, ‘अपनी वेबसाइट एक्सपर्ट निशिगंधाजी ने चेक की है.’ खाली टाळ्या, गुलाब, जोडलेले हात. निशिगंधाला हसावं की रडावं कळेना.

तिने फोन लावला. “भाई, चेक केली म्हणजे पास नाही केली. मला कागदावर मत देऊ द्या.”

“अरे बेटा, रूल सबके लिए एक. टेन्शन क्यूँ लेती है? हेमाली को भेजता हूँ, वो दबा देगी.”

हेमाली खालच्या मजल्यावरची, जीव लावणारी. ती लगेच आली आणि निशिगंधाच्याच फोनवर आलेला ओटीपी घालून साइट उघडली. “असहमत,” निशिगंधाने दोनदा बजावलं. “हो दीदी, दाबलं,” हेमाली म्हणाली. फोन म्हणाला, ‘धन्यवाद’.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. प्रस्ताव एकमताने मंजूर, विरोधात एकही मत नाही. निशिगंधाने पुन्हा फोन लावला: माझं मत तर विरोधात होतं.

“ओटीपी तो तेरे ही फोन का था, बेटा,” गोवर्धनभाई म्हणाले. “अब सिस्टम में आ गया.”

निशिगंधा तडक खाली गेली. या वेळी हेमाली खोटं बोलली नाही.

“नव्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट येणार, दीदी, बोलणारी. मला वाटलं, तुम्ही घाबरून नाही म्हणताय. आपके भले के लिए ही किया ना.” तिचा आवाज भरून आला. “भाड्याचं घर पण मीच बघते तुमच्यासाठी.”

निशिगंधाने ओरडावं, तर समोरची रडायला आलेली. तक्रार करावी, तर कुणाकडे, आणि पुरावा कसला?

“सांभाळून हं, पायरी आहे,” म्हणत हेमालीने तिचा हात धरला आणि तिला वर न्यायला लागली. गेली अठरा वर्षं निशिगंधा हा जिना एकटी चढत-उतरत होती. तिने हात सोडवून घेतला नाही.